देवकाबाईची तलावबंदी

आमच्या मच्छीमार सोसायटीत मासे कमी, किस्से जास्त. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चारजण जाळी विणायला बसले की एक किस्सा निघतो आणि त्याच्यामागे दुसरा. त्यातले निम्मे देवकाबाईचे. ती आमची अध्यक्ष. उंची बेताची, आवाज घोगरा, भाषण म्हणाल तर शून्य! तरी ती म्हणेल ते गाव करतं. का करतं, ते सोसायटीचा सचिव असूनही मला आजवर सांगता आलेलं नाही.

*

तलाव खंगत चालला होता. जाळ्यात बोटाएवढी पिल्लंच यायची. बाईनं ठरवलं, पावसाळ्यात मासोळी अंडी घालते, तेव्हा तलाव बंद ठेवायचा. मी दवंडी पिटवली, मीटिंगला कुत्रंही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एकटीच पाळीवर जाऊन बसली. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "बाई, काऊन बसली इथी?" ती फक्त जागा करून द्यायची. कळल्याशिवाय चैन पडेना म्हणून एकेक टेकत गेला. अर्धं गाव जमल्यावर बाई म्हणाली, "चला, मीटिंग सुरू करू."

*

एकदा चंद्रपूरहून एक सर नेतृत्वाचं ट्रेनिंग द्यायला आले. लोकांना आपल्यामागे कसं न्यावं, यावर लॅपटॉप, स्लाइड, सगळं. बाईनं मन लावून ऐकलं. मग सरांच्या आईची तब्येत विचारली, गुडघेदुखीवर तेल सांगितलं आणि सहज म्हणाली, आम्ही तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटायला निघालोय, येता का?

तासाभरात सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात! लॅपटॉप माझ्या मांडीवर. सर्टिफिकिटं त्यांनी ओल्या हातानंच वाटली.

*

बंदीला खरा विरोध होता पांडूभाऊचा. चोरून जाळं टाकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. तो भर सभेत ओरडला, तलाव काय एकट्या बाईचा आहे का? मला वाटलं, आता मोडते बंदी.

बाई शांतपणे म्हणाली, "पांडू, चोर कुठून येते, हे तुह्याइतकं कोणाले मालूम? राखण तूच कर."

सभा हसली. पांडूभाऊही हसला आणि तिथंच फसला. त्या दिवसापासून काठी घेऊन पाळीवर.

*

बंदी निम्मी झाली आणि बाईला ऑपरेशनसाठी गडचिरोलीला न्यावं लागलं. माझा जीव टांगणीला लागला. सगळं तिच्या शब्दावर चाललेलं, आता कोण कोणाला विचारतो? जाळी टाकली, तर सगळी मेहनत पाण्यात.

बाई घरी आली ती पार वाळून. तोंडाला चव नाही, ताट आलं की मान फिरवायची. मी भेटायला गेलो तेव्हा लेकीला म्हणाली, पांडूला म्हणावं, एक लहानशी मासोळी दे, रस्सा पिऊन पाहते.

लेक गेली तशी रिकाम्या हातानं परत आली.

"नाई म्हणते पांडूकाका. बंदी आहे म्हणते."

"माह्यासाठी पाह्यजे म्हणून सांगतलं नाई काय?"

"सांगतलं न. तर म्हणते, जाय, आधी देवकाबाईले विचारून ये."

बाई हसायला लागली. पोटाचे टाके दुखायला लागले तरी थांबेना. मग डोळे पुसून तिनं ताट मागवलं आणि वरणभात दोनदा घेतला.