मान मी हलवत होते

"पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का?" डॉक्टरांनी केतकीला विचारलं. मान मी हलवली.

"दोन पाळ्यांच्या मध्येही ओटीपोट दुखतं?"

पुन्हा मीच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, पेशंट कोण?"

केतकी हसली. मग तिनं उत्तरं दिली. सगळी 'हो' अशीच. डॉक्टर म्हणाल्या, "एंडोमेट्रिओसिस असण्याची दाट शक्यता आहे."

कोरमंगलात मी मुलींचं पीजी चालवते. केतकी नागपूरची, चोवीस वर्षांची, आयटीत नोकरी. दर महिन्याला तीन दिवस ती नाश्त्याला खाली यायची नाही. अर्धा अर्धा तास बाथरूममध्ये. बाहेरून मुली ओरडायच्या, "केतकी, आत वर्क फ्रॉम होम चाललंय का?" मीही सुनावलं होतं, "पाळी सगळ्यांनाच येते. स्वल्प सोसायचं."

एका सकाळी ती जिन्यातच चक्कर येऊन पडली. जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग मी तिला जयनगरच्या या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यापाशी. त्यानं सूज येते, अवयव एकमेकांना चिकटूही शकतात. साध्या सोनोग्राफीत ते दरवेळी दिसतंच असं नाही. म्हणून एमआरआय.

एमआरआयला केतकी आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन मी निपाणीला गेले. दर महिन्याला चुलीपुढे वाकून भाकरी थापायची, कारण ताठ उभं राहता यायचं नाही. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी दुखायचं, ते कुणाला सांगणार? मूल झालं नाही. माझ्या दुखण्याला नाव नव्हतं. मला मात्र गावानं नाव ठेवलं होतं, वांझ.

रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा मी विचारलंच, "मलाही हेच असेल का?"

"पाळी येते?"

"जाऊन दोन वर्षं झाली."

"असू शकेल. पण आता खात्रीनं सांगता येणार नाही, अक्का."

केतकीच्या डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. आधी हार्मोनच्या गोळ्या, उतार पडला नाही तर लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला बारीक छिद्रं पाडून शस्त्रक्रिया. "पुढे मूल होणारच नाही असं समजू नका," डॉक्टर म्हणाल्या, "पण वेळ घालवू नका."

केतकीनं तिथूनच आईला फोन लावला. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

"काकू, तुम्हीच समजवा हिला," तिची आई म्हणाली. "लग्नाआधी कसल्या हार्मोनच्या गोळ्या? चांगलं स्थळ आलंय. लग्न झालं, एक लेकरू झालं, की थांबते जी हे सगळं."

"ताई, माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली," मी म्हटलं. "लेकरू झालं नाही. दुखणं पाळी जाईपर्यंत थांबलं नाही."

मग पलीकडून तिच्या आईनं विचारलं, "गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या का?"

वाचणाऱ्या बायांनो, पाळीत थोडं दुखणं वेगळं. पण त्यापायी कामाला जाता येत नसेल, शौचाला, लघवीला किंवा नवऱ्याजवळ जाताना दुखत असेल, रक्तस्राव फार होत असेल, मूल होत नसेल, तर हाच आजार असेल असं नाही. पण डॉक्टरांना विचारा. कोणत्या दिवशी, कुठे, किती दुखलं ते लिहून न्या. एका डॉक्टरांनी 'नॉर्मल' म्हटलं आणि दुखणं राहिलं, तर दुसऱ्यांकडे जा.

गोळ्या सुरू होऊन पाच महिने झाले. केतकीचं दुखणं गेलेलं नाही, कमी झालंय. आता रोज नाश्त्याला येते आणि चटणीला नावं ठेवते.

आता नाश्त्याला कुणी आलं नाही, तर मी वर जाऊन दार वाजवते. 'स्वल्प सोसायचं' म्हणत नाही. "किती दुखतंय?" एवढंच विचारते आणि उत्तर तिचं तिला देऊ देते.