काळ्या कडेचा बिल्ला

आमच्या वन्संचं भरतकाम असं, की लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा त्यांच्यासमोर सुई हातात धरायची मला लाज वाटायची. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांचे यजमान बसऱ्याच्या लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत, म्हणून त्या माहेरीच राहायच्या. यजमान लढाईतल्या फिरत्या दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. सरकारनं 'बेपत्ता' एवढंच कळवलं होतं. गेले असंही नाही, आहेत असंही नाही. वन्सं कुंकू लावायच्या, हळदीकुंकवाला जायच्या आणि वाट बघायच्या.

त्या दवाखान्यातली परत आलेली माणसं दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात जमायची. कुणी अक्कलकोटचा, कुणी बार्शीचा. कोटाच्या बाहीला लावायला त्यांनी एक कापडी बिल्ला ठरवला होता. पांढऱ्यावर लाल फुली, खाली जखमी माणसाला न्यायची डोली, आणि बाजूला खजुराचं झाड. हे बिल्ले रेशमानं भरून द्यायचे वन्संनी. आता खजुराचं झाड त्यांनी कुठं पाहिलंय! पहिल्या वर्षी ते बघून कुर्डुवाडीचा एक डोलीवाला म्हणाला होता म्हणे, "वैनी, ही तर आमच्या रानातली जवारी झाली की!" सगळे पोट धरधरून हसले. पण पुढच्या वर्षी वन्संनी झाड नीट करायला घेतलं, तर सगळ्यांनी हट्टानं तीच ज्वारी मागून घेतली. हे सांगताना वन्सं अगदी खुलायच्या.

जे परतले नाहीत त्यांचाही बिल्ला असायचा. त्याला काळी कड घालायची आणि तो त्यांच्या घरी पोचवायचा, अशी रीत. वन्सं आपल्या यजमानांचाही भरायच्या, पण बिनकडेचा. तो त्यांच्या जुन्या कोटाला टाचायचा आणि कोट पुन्हा पेटीत. एकदा दुपारी मी खोलीत गेले, तर वन्सं त्या कोटाची बाही नाकाशी धरून बसलेल्या. मी आपली खोकत खोकत उलट्या पावली बाहेर आले.

अशात त्यांच्या दिरांचा बार्शीहून निरोप आला. बारा वर्षं उलटली, आता पालाशविधी उरकून घेऊ. म्हणजे पळसाचा पुतळा करायचा, हाच तो माणूस म्हणून त्याला अग्नी द्यायचा, आणि इकडे बाईचं कुंकू पुसायचं. "मेल्यांना घाई कसली झालीय!" मी चुलीपुढं बडबडले.  मामंजी लेकीला समोर बसवून म्हणाले, "ती माणसं येतील तेव्हा विचारू. एकानं जरी डोळ्यांनी पाहिलं असलं तर विधी करायचा. नाहीतर मी आहे तोवर तुझ्या कपाळाला कुणी हात लावणार नाही." वन्संनी मान डोलावली. इतकी वर्षं ती माणसं घरी येत होती, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारायचा तरी कसा?

गड्डा आला, माणसं आली. ओसरीवर चहा झाला. वन्संनी पाटावर बिल्ले मांडले, यंदा यजमानांचाही, आणि माजघराच्या दारात माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. कुर्डुवाडीच्या डोलीवाल्यानं काळ्या कडेचे बिल्ले एकेक करून उचलले. शेवटी हा बिनकडेचा राहिला. तो हातात घेऊन म्हणाला, "वैनी, ह्याची कड ऱ्हायली जणू."

"राहिली नाही," वन्सं म्हणाल्या. "घातली नाही."

मामंजींनी घसा साफ केला. "शेवटी तुम्हीच त्यांच्याबरोबर होता म्हणतात. खरं सांगा. तुम्ही पाहिलंत का काही?"

 त्या माणसानं वर, आमच्या दाराकडं पाहिलं. "न्हाय जी," तो म्हणाला. "म्या काय न्हाय बघितलं." बिल्ला त्यानं हळूच पाटावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या तसाच."

मला तर नाचावंसं वाटलं! माणसं गेल्याबरोबर मी देवापुढं साखर ठेवली आणि चिमूटभर वन्संच्या तोंडात घालायला धावले. त्या खिडकीशी बसून सुईत काळं रेशीम ओवत होत्या.

"अहो वन्सं, हे काय अभद्र! नाही पाहिलं म्हणाला ना तो?"

"विचारलं बाबांनी," त्या म्हणाल्या, "आणि उत्तर देताना तो बघत होता माझ्या कुंकवाकडं. तू नाही पाहिलंस?"

पाहिलं होतं मी. माझ्या हातातली साखर तशीच राहिली.

त्यांनी बिल्ला उलटा केला आणि मागच्या बाजूनं कड घालायला घेतली. टाका असा उथळ, की पुढून एक काळा धागा दिसेना. सुई चारी बाजूंनी फिरून येईपर्यंत डोळ्यांतून टिपूस नाही. गाठ मारली आणि मग फुटल्या. "कुंकू राखलं गं त्यानं माझं. पण मी आता वाट कुणाची बघू?" मी त्यांना पोटाशी धरलं. 

मामंजींनी त्याच संध्याकाळी बार्शीला कळवलं, विधी होणार नाही. फार दिवसांनी ते पोटभर जेवले. वन्संनी त्यांना आग्रह करकरून वाढलं.

सकाळी आम्ही दोघी एकाच आरशापुढं बसलो. त्यांनी आधी मेण लावलं, मग कुंकू, गोल, ठसठशीत, कुठं कमी नाही की जास्त नाही. आणि करंडा माझ्यापुढं सरकवला. माझं बोट काही केल्या कपाळापर्यंत जाईना.