केशरकाकूच्या यादीतलं एक नाव

आमच्या केशरकाकूचा एकच नियम होता: मतदार आजारी असू शकतो, पण मतदानाच्या दिवशी घरी असू शकत नाही. वीस वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी माणसं बूथवर आणली. ऊसतोडीला कोपरगावकडे गेलेली जोडपी टेम्पो पाठवून आणली, पाय मोडलेला पुंजाराम खुर्चीत घालून आणला. अशी बाई यंदा स्वतःच ग्रामपंचायतीला उभी राहिल्यावर मेलबर्नमधल्या पोटच्या पोराला सोडणार होती होय? "मतदानाला ये," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. कल्याण सात वर्षांनी गावी आला.

आमची निवडणूक तो डोळे विस्फारून बघत होता. रिक्षावरचे भोंगे, दारोदारच्या चिठ्ठ्या, भंडारा उचलून घेतलेल्या शपथा.

"तिकडं शनिवारी मतदान असतं," तो म्हणाला. "माणसं आपापली जातात, मत देतात, बाहेर येऊन पावात सॉसेज घालून खातात. आरडाओरडा नाही. आणि मत नाही दिलं तर दंड."

"न्यायला गाडी येत नसंल," काकू म्हणाली, "म्हनून दंड करत्यात."

आम्ही पोट धरून हसलो. याला एवढं बारीकसारीक कसं ठाऊक, हे विचारायचं मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळीच कल्याणचं पोट दुखायला लागलं. काकूनं ओवा चारला, बेंबीला हिंग लावला. दुपारी जीप पाठवली, ती रिकामी परत आली. यादी माझ्याकडे होती. त्याच्या नावापुढे खूण नाही, हे मीच शहाणपणा करून काकूला सांगितलं. चार वाजता तिनं आम्हा चौघांना प्लॅस्टिकची खुर्ची देऊन धाडलं.

सहा फुटी कल्याण खुर्चीत, खुर्ची आमच्या खांद्यावर, अशी ती वरात झेडपीच्या शाळेकडे निघाली. बायका दारात आल्या. परदेशात पोराची काय दशा झाली, म्हणून एकीनं डोळ्याला पदर लावला. खांदा माझा मोडत होता, कण्हत हा होता.

शाळेच्या फाटकाशी खुर्ची टेकवली, तरी गडी उठेना. काकू तणतणत आली.

"ऊठ! आत जाऊन बटन दाब, मग काय दुखायचं ते दुखू दे."

"आई, मला मत न्हाई देता यायचं," कल्याण खाली मान घालून म्हणाला. "मी तिकडचा नागरिक झालोय. दोन वर्षं झाली."

"पर यादीत नाव हाय की तुजं!"

"कुणी काढलं न्हाई म्हणून हाय."

माझ्या मनात जे आलं ते सांगूनच टाकतो. नाव होतं, चिठ्ठी होती, शाईला बोट होतं, आणि लढत अटीतटीची होती. मी काकूला हळूच डोळा मारला.

काकूनं माझ्याकडे असं बघितलं की मी मेल्याहून मेलो. "सायबाला जाऊन सांग," ती म्हणाली, "ह्ये नाव खोडा म्हनावं. मानूस हितलं न्हाई." आणि राहिलेल्या म्हाताऱ्या आणायला तरातरा निघून गेली. कल्याणला परत जाताना कुणी उचललं नाही.

पारनेरला मोजणी झाली. काकू एकोणीस मतांनी निवडून आली. सगळ्यांत जास्त कल्याणच नाचला.

"बघ आई, माझ्या मताची गरजच न्हवती!" तो गुलालातून ओरडला.

काकू जीपमध्ये जाऊन बसली.

दुपारी ओसरीवर पंगत बसली. जेवण झाल्यावर कल्याण आपलं खरकटं ताट घेऊन मोरीकडे निघाला, तशी काकू आडवी आली आणि तिनं ताटाला हात घातला.

"ठेव ते. पाव्हन्यानं ताट उचलायचं नसतंय."

आम्ही सवयीनं हसायला गेलो, तर तिचे डोळे भरलेले. कल्याणनं ताट सोडलं नाही. काकूनंही सोडलं नाही.