पॅड धुणाऱ्या आक्का

"पाणी गाळून घ्यावं, अण्णा. दिसत न्हाय म्हंजे नसतंय, असं न्हाय."

आक्का हे रोज सकाळी म्हणायच्या. म्हणता म्हणता पदर खोचायच्या, बादलीच्या तोंडावर पांढरं धडपं बांधायच्या आणि नळाखाली बादली सरकवायच्या. नळाचं पाणी स्वच्छच असायचं. मी सुरुवातीला हसायचो. पिण्याचं पाणी गाळणारी जैन घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण गाडीच्या पॉलिशचे पॅड धुवायला गाळलेलं पाणी वापरणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

निपाणीच्या बाहेर, हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. पॉलिशच्या मशीनला पुढं फोमचा गोल पॅड लागतो, भाकरीएवढा. त्यावर पॉलिश घेऊन मशीन पत्र्यावर फिरवायचं. थोडं काम झालं की फोमच्या छिद्रांत पॉलिश आणि रंगाची भुकटी बसते. पॅड तसाच वापरला तर गाडी चमकायच्या ऐवजी ओरबाडून निघते. म्हणून एका गाडीला चार-पाच पॅड काढायचे आणि संध्याकाळच्या आत सगळे धुऊन वाळत घालायचे. काम हलकं, पण चुकवून चालत नाही.

आक्का चिकोडीकडच्या. नवरा गेल्यावर दिरांच्या घरात राहणं जमेना, म्हणून निपाणीत एक खोली घेऊन राहिल्या होत्या. एकुलती मुलगी बोरगावात दिलेली. माझ्याकडे आल्या त्या झाडलोटीचं काम विचारायला. मी तेव्हा एक पॅड धोतर पिळावं तसा पिळत होतो. दोन मिनिटं त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "त्येला पिळू नगासा. जीव जाईल त्येचा."

माझ्या हातातून त्यांनी पॅड घेतला आणि ताकातून काढलेला लोण्याचा गोळा दाबावा तसा दोन्ही तळव्यांत दाबला. पांढरं पाणी निघालं. पुन्हा बुडवला, पुन्हा दाबला. सहा-सात वेळा असं करून झालं तेव्हा निघालेलं पाणी नितळ होतं. झाडलोट दुसऱ्या कुणाला सांगावी लागली.

मी पॅड उन्हात, पत्र्यावर टाकायचो. उन्हानं मागचा गोंद सुटायचा, फोम ताठ व्हायचा. आक्कांनी शेडच्या सावलीत बाजेची सुतळी ताणून जाळी केली आणि त्यावर पॅड पालथे मांडायला सुरुवात केली. बायका केस वाळवतात तसं वाऱ्यावर वाळवायचं, हा त्यांचा हिशेब. वाळला की नाही ते बोटानं बघायच्या नाहीत, गालाला लावायच्या. गालाला जे कळतं ते बोटाला कळत नाही म्हणायच्या. मग डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं.

पॅडांना त्यांनी नावं दिली होती. भगवा जाड पॅड थोरला, पिवळा मधला आणि शेवटचा हात फिरवायचा काळा मऊ पॅड धाकली. मी मशीन फार वेळ एकाच जागी फिरवलं आणि पॅड तापला की त्या गंभीरपणे सांगायच्या, थोरल्याचं डोकं आज तापलंय, त्याला जरा बसू द्या. गाड्या धुणारी माझी दोन माणसं हसून हसून पाईप सोडायची. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. त्यामुळे सूर्य खाली आला की कुठलंही गिऱ्हाईक उभं असो, आक्का निघाल्या. सूर्य काय अण्णांसाठी थांबणार आहे का, असं वर मलाच विचारायच्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतके दिवस मी ते टाळत आलो आहे.

हिंडलग्याकडचे एक साहेब नवी काळी गाडी घेऊन आले. मुलाचा साखरपुडा कोल्हापुरात होता, आणि त्यांना दुपारपर्यंत गाडी आरशासारखी हवी होती. काळ्या रंगावर केसाएवढा ओरखडाही दिसतो. उजेडात नीट बघता यावं म्हणून मी गाडी अर्धी अंगणात घेतली होती. धाकली मशीनला लावताना माझ्या हातून सटकली आणि खाली मुरमावर पडली.

धुतलेले दुसरे पॅड डब्यात होते. डबा आत होता, दहा पावलांवर. मी इकडं तिकडं बघितलं. पॅड उचलला, मांडीवर दोनदा आपटला आणि मशीनला लावला. मशीन दारावर टेकवल्याबरोबर बारीक करकर ऐकू आली. तरी मी हात लगेच उचलला नाही.

साहेब उन्हात आले तेव्हा दारावर गोल गोल रेघा उठलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय?

मी म्हणालो, "आमच्या बाईनं पॅड नीट धुतला नाही."

बाई म्हणालो. दोन वर्षं ज्यांना आक्का म्हणत होतो, त्यांना. त्या तिथंच, पाच-सहा हातांवर, बादलीपाशी बसलेल्या होत्या. साहेब त्यांच्याकडे वळले आणि काम येत नसेल तर घरी बसावं असं काहीतरी बोलले. आक्का उठल्या. हात पदराला पुसले. माझ्याकडे एकदा बघितलं, मग साहेबांना म्हणाल्या, "चुकलं, साहेब."

ते दार मी पुन्हा घासून नीट करून दिलं. साहेब गेले. त्या दिवशी आक्कांनी तो पॅड वेगळ्या वाटीत धुतला. निघायच्या वेळेला वाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. तळाशी तांबडे खडे बसले होते.

"अण्णा, ह्यो अंगणातला मुरूम हाय," एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मी खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी फोन कानाला लावला. कुणाचाही फोन आलेला नव्हता. त्या वाटी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून धुतलेला प्रत्येक पॅड त्या माझ्यासमोर आणायला लागल्या. बघून घ्या, म्हणायच्या. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मी पॅड हातात घ्यायचो, उलटासुलटा करायचो आणि मान हलवायचो. रोज चौदा-पंधरा वेळा. थोरला, मधला, धाकली ही नावं त्या दिवसापासून दुकानात ऐकू आली नाहीत. असे सात महिने गेले. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की आक्का, नका दाखवू, तो मीच पाडला होता. मग मुलीचं बाळंतपण आलं म्हणून त्या बोरगावला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

त्यानंतर पॅड मीच धुवायला लागलो. एका पॅडला इतका वेळ लागतो हे मला तेव्हा कळलं. सहाव्यांदा, सातव्यांदा दाबताना मनात दुसरं काही येत नाही, येतं ते त्या दिवशीचंच येतं. शेवटी एका रविवारी मी बोरगावला गेलो. घरी कळलं, आक्का बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या आहेत. मी बस्तीबाहेर उभा राहिलो. त्या पायऱ्या उतरून आल्या, मला बघून हसल्या, दुकानाचं विचारलं. मी सगळं सांगितलं. पॅड पडल्याचं, दहा पावलांचं, फोनचंसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मी तर तिथंच बसलेली. ज्येंला ठाऊक न्हाय, त्येंला सांगा."

परत येऊन मी माझ्या दोन माणसांना बोलावलं आणि सांगितलं. एकजण म्हणाला, "पडताना मी बघितलंतं, अण्णा." म्हणजे सात महिने आक्का मला पॅड दाखवत होत्या, मी मान हलवत होतो आणि तो बघत होता. हिंडलग्याच्या साहेबांना फोन केला. त्यांना ओरखडे आठवत होते. बाई आठवत नव्हती. कुठली बाई, असं त्यांनी दोनदा विचारलं.

हे तरी आक्कांना सांगावं म्हणून मी पुन्हा बोरगावला गेलो. त्या नव्हत्या. गावोगाव पायी विहाराला निघालेल्या जैन साध्वी माताजींच्या सोबत चालत गेल्या होत्या, कधी येणार ते मुलीलाही माहीत नव्हतं. मुलगी दारात उभी होती, कडेवर लेकरू होतं. मी म्हणालो, आक्कांना सांगा, मी त्या सगळ्यांना सांगितलं म्हणून.

"काय सांगितलासा?" तिनं विचारलं.

तिला काहीच माहीत नव्हतं. आईनं काम का सोडलं ते तुम्हाला ठाऊक नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ठाऊक हाय की. नजर कमी झाली, हातनं चुका व्हाय लागल्या, लोकांच्या गाड्या खराब व्हाय नकोत म्हणून सोडलं. आईच म्हणालती."

मी उंबऱ्यापाशी उभा राहूनच पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बोलताना मी लेकराकडे बघत होतो. संपल्यावर तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आई आली की सांगते, तुम्ही आलतासा म्हणून," ती म्हणाली.

तिनं मला आत बोलावलं नाही. पाणीही विचारलं नाही.