उलटा बसलेला हिरवा दिवा

स्टार्टरचं बटण दाबलं तशी मोटरसायकल उडीच मारून पुढे गेली, पोरगी पुढे टाकीवर बसलेली, तिच्यासकट मी पडणारच होते, तेवढ्यात कोणीतरी हँडल धरलं. एरंडोलच्या स्टँडबाहेर गाड्या दुरुस्त करणारे एक आबा होते, नाव मला अजून माहीत नाही. मी आधी पोरीला कडेवर घेतलं.

"माय, गाडी गिअरमा शे. हिरवा दिवा नही देखा का?"

म्हटलं, आबा, न्यूट्रलचा तो दिवा उन्हात दिसत नाही म्हणून तर यांनी घरीच मीटरमधे एलईडी टाकले, माझ्यासाठी. मला वाटलं, लागलेलाच असेल.

आबांनी गाडी न्यूट्रल केली, मीटरवर दोन्ही तळव्यांची सावली धरली आणि झोपलेल्या बाळाला पाहावं तसं वाकून पाहिलं. दिवा लागलाच नव्हता. मग मीटर खोलून त्यांनी तो इवलासा दिवा काढला, फिरवून परत बसवला. हिरवागार लागला!

"जुना बल्ब कसाबी बसे. याले उलटंसुलटं ऱ्हास," आबा हसले. "नवराले बोलू नको माय, त्यानी जीव लाईसन बसाडेल शे." जीव लावून बसवलाय म्हणे.

घरी आले तर हे दारातच. "दिसला ना दिवा?" तोंड एवढं फुललेलं. मी हो म्हटलं. आता हे दिराच्या गाडीलाही तसेच दिवे बसवायला निघालेत, आणि ती गाडी माझी जाऊ चालवते, पोरं घेऊन. सांगा ना, तुम्ही असता तर काय केलं असतं?