तेराव्याच्या पुऱ्या आणि तीन गाई

जबलपूरजवळच्या शहपुऱ्याकडची ती फिर्याद विसरू म्हटलं तरी विसरली जात नाही. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी तणतणत आत आला. त्याच्या दोन गाई मेल्या होत्या, तिसरी आडवी पडली होती. विष कोणी घातलं तेही त्याने सांगून टाकलं: त्याचा म्हातारा गडी. भांडण झालं म्हणून आठवड्यापूर्वीच त्याने त्याला काढून टाकलं होतं.

थोड्या वेळाने शेजाऱ्याचा फोन आला. काल संध्याकाळी म्हातारा गोठ्यात शिरताना त्याने पाहिला होता. झालं, मी खूश! हेतू आहे, साक्षीदार आहे, आणखी काय हवं? म्हाताऱ्याला ठाण्यात आणवलं.

"गोठ्यात गेला होतास?"

"गया था, साहब. देखने. बछिया थीं, तब से पाली हैं."

खोटारडा माणूस आधी 'गेलोच नाही' म्हणतो, हे नोकरीत शंभरदा पाहिलेलं. पण त्या दिवशी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मुंशीला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिक हवालदाराला, अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि मी गोठ्याकडे निघालो.

शवविच्छेदनासाठी जबलपूरहून पशुवैद्यक बाई आल्या होत्या. मूळच्या नागपूरकडच्या, आता जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या. मी म्हणालो, "मॅडम, विष आहे, लवकर लिहून द्या."

"साहेब, काहून एवढी घाई करून राहिले? पोट तर पाहू द्या आधी!"

पोट उघडलं आणि आंबूस वासाने आम्ही मागे सरलो. आत चारा नावालाच. सगळ्या पुऱ्या, भात, बुंदी. बाई फिर्यादीकडे वळल्या. घरी पंगत होती का, एवढंच त्यांनी विचारलं.

"परसों बाबूजी की तेरहवीं थी, दीदी. जो बचा, सब गऊ माता को ही तो खिलाया."

वडिलांना पोहोचावं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने टोपल्याच्या टोपल्या भरवल्या होत्या. बाई हळूच म्हणाल्या, "भैया, घासापुरती एखादी पुरी चालते. टोपलीभर शिजलेलं अन्न पोटात आंबतं, त्यानंच जनावर जातं." तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. मला त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला.

तिसरी गाय अजून धुगधुगत होती. बाईंनी सलाइन लावलं, सोड्याचं पाणी कालवलं, पण गाय तोंड उघडेना. मालक जवळ गेला तर शिंगं उगारी. "हिच्या ओळखीचं कोणी नाही का?" बाईंनी विचारलं. मालकाने मान खाली घातली. मी जीप ठाण्याकडे पिटाळली.

म्हातारा आला तो थेट गाईच्या मानेशी बसला. "ले बिटिया," म्हणाला, आणि तिने मुकाट्याने तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उभी राहिली, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, उगाच का लपवू?

पुढे व्हिसेराच्या अहवालातही विष निघालं नाही. तेव्हापासून जनावर मेल्याची फिर्याद आली की आधी डॉक्टरांना बोलावायचं आणि मग संशयिताला, असा नेमच केला. माणसाच्या पोटातलं ओळखतो, या घमेंडीत मी गाईच्या पोटात काय आहे ते विचारलंच नव्हतं.

गाय उभी राहिली तेव्हा मालकाने म्हाताऱ्यापुढे हात जोडले. "काका, घर चलो." म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"साहब, अब मैं जाऊँ?"

मुंशीने आदल्या दिवशी जीपबरोबर पाठवलेला अटकेचा कागद माझ्याच खिशात होता. फक्त सही राहिली होती.