ओलावामापक कुठल्या अक्षरात?

कोश करणाऱ्यांकडे लेखांपेक्षा किस्सेच जास्त साठतात, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. आम्ही ठाकूरद्वारच्या एका वाडीत शास्त्रीबुवांच्या घरी बसून सगळ्या विषयांचा मराठी कोश करत होतो. प्लेग यायच्या आधीची गोष्ट. कोश जेमतेम 'ओ'पर्यंत आला होता, किस्से मात्र 'ज्ञ' ओलांडून गेले होते!

*

आमच्यातले विनायकराव शाळेत सायन्स शिकवायचे. परळच्या एका गिरणीत त्यांनी हायग्रोमीटर पाहिला आणि माणूस वेडाच झाला. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी, त्यातल्या एकाच्या बुडाला ओली चिंधी. दोघांच्या पाऱ्यात फरक किती, त्यावरून हवेत ओल किती ते कळतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून गिरणीत हे यंत्र टांगतात. विनायकरावांनी त्याच्यावर लांबलचक लेख लिहून आणला. इतक्या वर्षांत कोशासाठी लिहिलेला त्यांचा हा पहिलाच लेख.

शास्त्रीबुवा आमचे संपादक. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "नाव इंग्रजी, कोश मराठी. 'हवा' या लेखात एक ओळ घालू."

विनायकरावांचा चेहरा उतरला. 'हवा' म्हणजे 'ह'! त्यांची प्रकृती तोळामासा, आणि आम्ही अजून 'ओ'वर. तो 'ह' नातवंडांनीच छापायचा.

*

मग मराठी नावाचा शोध सुरू झाला. 'आर्द्रतामापक' शास्त्रीबुवांना फार आवडलं. पण 'आ'चा भाग छापून, बांधून, लोकांच्या घरी पोचलासुद्धा होता. विनायकराव दुसऱ्या दिवशी धावत आले. 'ओलावामापक'! 'ओ' अजून कंपोझिटरकडेच होता, लेख सहज बसला असता.

शास्त्रीबुवा म्हणाले, "ओलावा आपल्या घरातला, मापक संस्कृतातला. हे लग्न मी लावणार नाही."

*

यंत्र डोळ्यांसमोर असलं तर बुवा विरघळतील, म्हणून विनायकरावांनी एक पैदा करून आमच्या खोलीत टांगलं. सकाळी बघतो तर चिंधी पिवळीधमक. काकूंनी, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नींनी, तिच्यावर हळद दाबली होती. कालपासून ओली पट्टी बांधून ठेवलीय, चिघळेल की, असं त्यांचं म्हणणं! विनायकरावांनी कपाळावर हात मारला. नवी चिंधी बांधताना मात्र त्यांनी काकूंना सगळं यंत्र समजावून सांगितलं, नावासकट.

*

चैत्रात काकू पापड घालायला गच्चीवर निघाल्या. विनायकरावांनी पारा पाहून त्यांना थांबवलं. ऊन लख्ख होतं, म्हणून बाकीच्या वाडीनं पापड घातले. समुद्रावरची हवा अशी काही दमट सुटली की संध्याकाळी ते पापड पोळीसारखे लोळत होते.

झालं! दुसऱ्या दिवसापासून कुरडयावाल्या, सांडगेवाल्या, सगळ्या आमच्या खोलीत. भिंतीकडे बघायचं आणि मगच गच्ची गाठायची. आमची प्रुफं कोपऱ्यात गेली. विनायकराव तर नवरदेवासारखे मिरवत होते. आता लेख कोण अडवणार?

*

शेवटी शास्त्रीबुवा नमले. म्हणाले, "वाडीला लागणारी वस्तू आहे, लेख द्यायला हवा. पण नाव मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. घरात ज्या नावानं बोलावतात तेच कोशात."

विनायकराव खुशीत हसले. काकूंना 'ओलावामापक' त्यांनी स्वतः पढवला होता. 'ओ'च्या पानावर जागाही राखून ठेवली होती.

शास्त्रीबुवांनी आत हाक मारली, "अगं, भिंतीवर काय टांगलंय ते?"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"तो होय? पट्टीवाला. सगळी वाडी त्याला पट्टीवालाच म्हणते."

शास्त्रीबुवांनी शांतपणे टाक उचलला आणि विनायकरावांच्या लेखावर लिहिलं: 'पट्टीवाला. स्वतंत्र लेख. प.'

विनायकरावांनी बोटांवर अक्षरं मोजत विचारलं, "म्हणजे 'ह'च्या आधी ना?"

"बराच आधी," शास्त्रीबुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून विनायकराव पहाटे चौपाटीवर भरभर चालताना दिसू लागले. चहा सोडला आणि दूध सुरू केलं.